तान्ह्या बाळाचे दूध, झोप आणि घरातले घड्याळ

या वेळच्या सदरात जन्मापासून साधारण तीन महिन्यांपर्यंतच्या बाळांविषयी आलेली पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रांचा मजकूर आटोपशीर केला असून लिहिणाऱ्यांची नावे वगळली आहेत. बाळाला वेळेची सवय कधी आणि कशी लावावी, हा प्रश्न बहुतेक पत्रांत या ना त्या रूपाने आलेला आहे.

प्रश्न : मी बाळंतपणासाठी सिडकोत माहेरी आले आहे. सिझेरियन झाले असून बाळ १९ दिवसांचे आहे. यजमानांनी फोनवर एक अ‍ॅप घेतले आहे. त्यात दर तीन तासांनी दूध आणि मध्ये दीड तास झोप असे वेळापत्रक आहे. बाळ मात्र दुपारी सलग तीन तास झोपते आणि संध्याकाळी सहापासून दहापर्यंत दर पाऊण तासाने अंगावर मागते. आई म्हणते, दूध पुरत नाही, वरचे सुरू कर. सासूबाई फोनवर सांगतात, थोडे रडू दे, सवय लावली की लागते. दूध पुरते की नाही हे कसे ओळखावे, आणि शिस्त कधीपासून लावावी?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांतला दूध पुरण्याचा प्रश्न आधी घेऊ, कारण त्याचे उत्तर मिळाले की वेळापत्रकाची निम्मी चिंता आपोआप कमी होते. दूध पुरते की नाही, हे बाळाच्या रडण्यावरून, स्तन हलके वाटण्यावरून किंवा हाताने पिळून किती थेंब येतात यावरून ठरत नाही. ते लंगोटांवरून आणि वजनावरून ठरते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळाने २४ तासांत किमान सहा वेळा तरी फिकट रंगाची, लंगोट चांगला भिजेल इतकी शू करायला हवी, आणि पहिल्या दोन दिवसांतली काळपट, चिकट शी पाचव्या दिवसाच्या सुमारास पिवळी झालेली असायला हवी. पहिल्या आठवड्यात बाळाचे वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरते, त्यात घाबरण्यासारखे काही नसते. ते दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस बहुधा जन्माच्या वजनावर परत येते आणि त्यानंतर पहिले तीन महिने दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅमने वाढते. तुम्ही या आठवड्यात बाळाचे वजन करून घ्या आणि दवाखान्यातून मिळालेल्या कार्डावरचे जन्माचे वजन शेजारी ठेवून पाहा. वजन जन्माच्या आकड्यापुढे गेले असेल आणि लंगोट भिजत असतील, तर वरच्या दुधाची गरज नाही, असे आईंना निःशंकपणे सांगा. वजन अजून मागेच असेल, तर मात्र वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि त्यांच्यासमोर बाळाला पाजून दाखवा, कारण बाळ स्तन कसा धरते हे पाहिल्याशिवाय नुसत्या वर्णनावरून फारसे काही सांगता येत नाही.

आता घड्याळाकडे वळू. जन्माच्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम ५ ते ७ मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याएवढे, दूध मावते. आठवडा-दहा दिवसांत ही क्षमता ४५ ते ६० मिलिलिटरपर्यंत जाते. आईचे दूध पचायला हलके असल्यामुळे दीड-दोन तासांत पोट पुन्हा रिकामे होते. म्हणूनच नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पिते, आणि तुमच्या अ‍ॅपमधला दर तीन तासांचा हिशेब त्यातल्या सर्वांत कमी आकड्याशी जेमतेम जुळतो. त्यातच दूध तयार होण्याची क्रिया मागणीवर चालते. स्तन जितका रिकामा होईल तितके नवे दूध तयार होते, आणि दूध साठून राहिले तर शरीर ते कमी करू लागते. तीन तास भरले नाहीत म्हणून बाळाला थोपटत, झुलवत थांबवले, तर पहिल्या महिन्यातच दूध आटण्याची व्यवस्था आपणच करून ठेवतो, आणि मग दूध पुरत नाही हे म्हणणे खरोखरच खरे ठरते.

संध्याकाळचे वारंवार पिणे हा दूध कमी असल्याचा पुरावा नाही. दिवे लागणीच्या सुमारास बरीच बाळे अशी एकामागून एक पितात आणि त्यानंतर रात्रीची पहिली झोप जरा लांबवतात. तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास, वाढीचा वेग वाढतो तेव्हा, हे प्रमाण दोन-तीन दिवस आणखी वाढते. रडण्याचेही तसेच आहे. ते दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाऊन सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसाला पोहोचते, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत बरेच ओसरते. हे ठाऊक असलेल्या घरात संध्याकाळचे चार तास आई एका जागी बसून राहील असे गृहीत धरून स्वयंपाक दुपारीच उरकला जातो आणि तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवला जातो. माझ्या मते कोणत्याही अ‍ॅपपेक्षा ही तयारी अधिक उपयोगाची आहे.

बाळाची भूक रडण्यापूर्वीच ओळखता येते. झोपेतच डोळ्यांची बुबुळे पापणीखाली हलू लागतात, बाळ ओठ चाटते, जीभ बाहेर काढते, मूठ तोंडाकडे नेते, गालाला काही लागले की त्या बाजूला मान वळवते. याच टप्प्यावर त्याला घ्यावे. रडू लागलेले बाळ चिडलेले असते, ते स्तन नीट धरत नाही, वरवर चोखते आणि हवा गिळते. पाजताना बाळाचे तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर मुडपलेला आणि हनुवटी स्तनाला टेकलेली असावी. नुसते बोंड नव्हे, तर त्याभोवतीचा काळसर भागही त्याच्या तोंडात गेलेला असावा. गिळण्याचा हलका आवाज ऐकू येतो. एक बाजू पुरती पिऊन झाल्यावरच दुसरी द्यावी, कारण शेवटी येणाऱ्या दुधात स्निग्धांश अधिक असतो. सिझेरियनच्या टाक्यांवर भार येऊ नये म्हणून कुशीवर झोपून पाजणे किंवा बाळाचे पाय आपल्या पाठीकडे करून त्याला काखेखाली धरणे तुम्हाला सोयीचे पडेल.

राहिला शिस्तीचा प्रश्न. दिवस-रात्र ओळखणारे शरीरातले घड्याळ जन्मतः चालू नसते; ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हळूहळू लागते. त्यापूर्वी बाळाला रडू देऊन सवय लागत नाही, फक्त त्याची शक्ती खर्च होते. सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य इतकेच आहे की बाळाला क्रम आवडतो. तो क्रम मात्र घड्याळाचा नसून एकापाठोपाठ येणाऱ्या गोष्टींचा असावा : उठले की लंगोट बदलणे, मग दूध, ढेकर, चार शब्द बोलणे, आणि जांभई दिसली की झोप. एवढ्या लहान बाळाला पाऊण ते एक तासापेक्षा अधिक जागरण झेपत नाही. अ‍ॅप काढून टाकायची गरज नाही. किती वेळा पाजले आणि किती लंगोट भिजले याची नोंद ठेवायला ते उत्तम आहे. पुढची वेळ मात्र त्याला विचारू नये.

प्रश्न : मी निफाड तालुक्यातली आजी आहे. सूनबाई पहिलटकरीण आहे, नातू महिन्याचा आहे. आमच्याकडे बाळाला मालीश, आंघोळ, शेगडीवर ओवा-वावडिंगाची धुरी, टाळू भरणे, मग गुटी, असे चालत आले आहे. गुटीत जायफळाचा एक वेढा दिला की बाळ छान झोपते. डोक्याला आकार यावा म्हणून मोहरीची उशी केली आहे. सून म्हणते, डॉक्टरांनी यातले काहीच करू नका म्हणून सांगितले. थंडी इतकी असताना बाळाला शेकायचेही नाही का?

उत्तर : आजी, तुमच्या पद्धतीतला सर्वांत मोलाचा भाग तिचा क्रम आहे, आणि तो डॉक्टरही मोडायला सांगणार नाहीत. रोज ठरावीक वेळी हलक्या हाताने मालीश, कोमट पाण्याची आंघोळ, लगेच कोरडे करून दुपट्यात घेणे, आईच्या अंगावर पाजणे आणि त्यानंतरची दोन-तीन तासांची गाढ झोप, ही बाळाच्या दिवसाची पहिली नेमकी खूण असते. आंघोळीची वेळ रोज तीच ठेवलीत तर बाकीचा दिवस हळूहळू तिच्याभोवती बसत जातो. मालीशला खोबरेल तेल चालेल. ते नाकात किंवा कानात सोडू नये, टाळूवर दाब देऊ नये, आणि नाक, स्तन, डोके हातांनी ओढून घडवण्याचा प्रयत्न करू नये. थंडीच्या दिवसांत आंघोळ ऊन चढल्यावर घालावी, आणि निफाडचा पारा एक आकड्यावर आला असेल त्या दिवशी नुसते पुसून घेतले तरी काही बिघडत नाही.

काढून टाकायच्या गोष्टींची कारणे सांगतो, म्हणजे सुनेशी वाद राहणार नाही. धुरीचा धूर बाळाच्या लहानशा श्वासनलिकांना त्रास देतो, आणि बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि तो बाळ-बाळंतीण दोघांच्याही जिवावर उठू शकतो. शेगडी खोलीत ठेवून दार लावून झोपणे तर कोणीच करू नये. ऊब द्यायची असेल तर बाळाला उघड्या अंगाने आईच्या किंवा तुमच्या उराशी घेऊन वरून शाल घ्यावी. कमी वजनाच्या बाळांना दवाखान्यातही अशीच ऊब दिली जाते. बाळाच्या पोटाला आणि पावलांना हात लावून पाहावा. दोन्ही उबदार असतील तर ठीक आहे. पोट उबदार आणि पावले गार असतील तर कपड्याचा आणखी एक थर घालून बाळाला उराशी घ्यावे, आणि दोन्ही गार लागली तर त्याला उराशी धरूनच लगेच दवाखाना गाठावा. मानेमागे घाम आला असेल तर कपडे जास्त झाले आहेत.

जायफळाविषयी मात्र मला अधिक स्पष्ट बोलायला हवे. त्यातले मिरिस्टिसिन हे द्रव्य मज्जासंस्थेवर परिणाम करते. सहाणेवरच्या एका वेढ्यात ते किती उतरले हे कोणालाच मोजता येत नाही; जायफळ नवे की जुने, हात जड की हलका, यावर ते बदलते. त्याने येणारी झोप ही बाळाची स्वतःची झोप नव्हे. महिन्याच्या बाळाने भूक लागली की उठायलाच हवे, आणि गुंगीतले बाळ ते करत नाही. बाकीच्या गुटीचीही गरज नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको असे सांगतात, कारण सहाण, पाणी आणि बोटे यांतून जंतू पोटात जातात व तेवढी दुधाची जागा व्यापली जाते. अपवाद डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांचा आणि ड जीवनसत्त्वाच्या थेंबांचा. हे थेंब सहसा रोज ४०० युनिट या मात्रेने देतात. मध तर वर्षभर चाटवू नये. त्यातल्या एका जिवाणूची बीजे तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून स्नायू लुळे पाडणारे विष तयार करतात.

मोहरीची उशी तुम्ही प्रेमाने शिवली असेल, पण उशीमुळे बाळाची मान पुढे झुकते आणि हनुवटी छातीकडे येऊन श्वासाची वाट अरुंद होते. तान्ह्याला उशीशिवाय, सपाट आणि जरा टणक गादीवर, उताणेच झोपवावे. आसपास जाड गोधडी, लोड, मऊ खेळणी ठेवू नयेत. अमेरिकेत १९९४ साली बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या दशकात तिथले झोपेतील अचानक बालमृत्यू सुमारे निम्म्यावर आले. डोक्याच्या आकाराची काळजी असेल तर झोपवताना तोंड एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे करावे, आणि बाळ जागे असताना, समोर बसून, दिवसातून काही वेळा दोन-तीन मिनिटे पालथे घालावे. झोळीत पाठ वाकते, म्हणून ती समोर कोणी असताना थोडा वेळच वापरावी. सपाट तळाचा पाळणा चालतो. दुपटे गुंडाळताना पाय सरळ करून बांधू नयेत, गुडघे मोकळे हलू द्यावेत, नाहीतर खुब्याचा सांधा नीट बसत नाही. टाळू भरणे म्हणजे हलकेच तेलाचा हात फिरवणे असेल तर ते खुशाल करा.

प्रश्न : मी सातपूरच्या एका कारखान्यात पाळीने काम करतो. बाळ पाच आठवड्यांचे आहे. माझी रात्रपाळी असली की पत्नी एकटीच जागते, आणि दिवसपाळी असली की मी रात्री उठून बाळाला झोपवण्याचा प्रयत्न करतो. पण खाली ठेवले की ते जागे होते. रात्री एकदा पावडरचे दूध दिले तर दोघांनाही सलग झोप मिळेल का? दूध पाजण्याखेरीज वडिलांनी नेमके काय करावे?

उत्तर : बाळ खाली ठेवताच का उठते, याचे कारण त्याच्या झोपेच्या घडणीत आहे. मोठी माणसे आधी गाढ झोपतात. नवजात बाळ मात्र हलक्या झोपेने सुरुवात करते आणि साधारण वीस मिनिटांनी गाढ झोपेत उतरते. हलक्या झोपेत त्याच्या पापण्या फडफडतात, चेहऱ्यावर मध्येच हसू येते, श्वास अनियमित असतो आणि मुठी आवळलेल्या असतात. त्या वेळी खाली ठेवले की ते दचकून हात फैलावते आणि जागे होते. त्याचा हात हलकेच उचलून सोडून पाहा. हात सैल पडला तर आता ठेवायला हरकत नाही. ठेवताना आधी पाय आणि कुल्ले, मग पाठ, शेवटी डोके टेकवावे आणि छातीवर आपला तळवा मिनिटभर तसाच राहू द्यावा. त्याच्या झोपेचे चक्र पन्नास मिनिटे ते तासाभराचेच असते, त्यामुळे मध्ये कण्हले, कुरकुरले तर लगेच उचलू नये. पुष्कळदा ते पुन्हा आपले आपण झोपते.

पावडरच्या दुधाचा उपाय मी सुचवणार नाही. दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण रात्री अधिक असते, त्यामुळे रात्रीचे पाजणे चुकले तर त्याचा फटका दिवसाच्या दुधालाही बसतो, आणि स्तन ठणकून पत्नीची झोप मोडते ती वेगळीच. पावडरने बाळ रात्रभर झोपेल याचीही हमी नाही. आपल्याकडे बाळांच्या दुधाच्या पावडरची आणि बाटल्यांची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नव्हे. डॉक्टरांनी काही वैद्यकीय कारणाने वरचे दूध सांगितलेच, तर पाणी उकळून, ते ७० अंशांच्या खाली जाण्यापूर्वी पावडर मिसळून, कोमट झाल्यावर वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने (चोच असलेल्या छोट्या वाटीने) पाजावे, आणि दोन तासांत न संपलेले दूध टाकून द्यावे.

वडिलांसाठी काम भरपूर आहे. दिवसपाळीच्या आठवड्यात रात्री बाळाला उचलून पत्नीकडे देणे, लंगोट बदलणे, खांद्यावर घेऊन ढेकर काढणे आणि परत झोपवणे हे सारे तुम्ही केलेत, तर तिला फक्त कुशीवर वळून पाजायचे उरते आणि प्रत्येक वेळचा अर्धा-पाऊण तास वाचतो. रात्रपाळीहून आल्यावर कामाचे कपडे बदलून, अंघोळ करून, सकाळचे पाजणे झाल्यावर बाळाला तास-दीड तास तुमच्याकडे घ्या, त्याला गॅलरीच्या उजेडात फिरवा आणि पत्नीला दार लावून झोपू द्या. तुमची झोप त्यानंतर घ्या. मात्र डोळे मिटू लागले असतील तर बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर किंवा खुर्चीत टेकू नका, कारण तिथे बाळ फटीत दबण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. धूम्रपान किंवा मद्यपान केले असेल त्या रात्री बाळाच्या अंथरुणात झोपू नये. आणि रात्री तीन वाजता रडणे थांबतच नसेल व आपला तोल जाऊ लागला असेल, तर बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवून पाच मिनिटे दुसऱ्या खोलीत जावे. बाळाला रागाने गदागदा हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

पत्नीकडेही लक्ष ठेवा. पहिल्या दहा-पंधरा दिवसांत विनाकारण रडू येणे सामान्य असते. पण पाच आठवड्यांनंतरही तिला बाळ झोपलेले असताना झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल किंवा आपण आई म्हणून नालायक आहोत असे ती बोलत असेल, तर ती नुसती दमणूक समजू नये. प्रसूतीतज्ज्ञांशी बोला, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत सल्ला मिळतो.

प्रश्न : पंचवटीतून लिहीत आहे. मुलगी नऊ दिवसांची आहे, जन्माचे वजन २ किलो २०० ग्रॅम. ती इतकी शांत आहे की पाच-पाच तास उठत नाही. अंग थोडे पिवळसर दिसते. झोपलेल्या बाळाला उठवू नये म्हणतात, ते खरे का?

उत्तर : तुमच्या मुलीच्या बाबतीत ते अजिबात खरे नाही, आणि हे पत्र पोहोचताच आम्ही तुम्हाला कळवलेही आहे. कमी वजनाची, दिवस भरण्यापूर्वी जन्मलेली किंवा कावीळ असलेली बाळे भुकेनेही जागी होत नाहीत. कमी पिल्याने कावीळ वाढते, आणि वाढलेल्या काविळीने ती आणखी झोपाळू होतात. अशा बाळाला दिवसा दर दोन आणि रात्री दर तीन तासांनी उठवून पाजावेच लागते. पहिल्या उत्तरात घड्याळ बाजूला ठेवायला सांगितले असले, तरी इथे गजर लावा. दुपटे सोडावे, लंगोट बदलावा, पावले आणि पाठ बोटांनी चोळावी; तरीही ती नीट ओढत नसेल तर दूध काढून बोंडल्याने द्यावे. कोवळ्या उन्हात धरणे हा काविळीवरचा उपचार नाही, रक्ताची तपासणी करूनच निळ्या दिव्याखाली ठेवायचे की नाही हे ठरते. पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत आला असेल, बाळ अजिबात पीत नसेल, मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास घेत असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, अंग गार किंवा तापलेले (१००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक) असेल, झटके येत असतील, तर सकाळची वाट पाहू नये, १०८ ला फोन करावा. दवाखान्यात प्रसूती झाली असली तरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळाचे वजन व तापमान पाहतात. त्या आल्या नसतील तर त्यांना बोलावून घ्यावे.

प्रश्न : दोन महिन्यांचा मुलगा दिवसभर झोपतो आणि रात्री अकरापासून पहाटेपर्यंत खेळतो. काय करावे? – इंदिरानगर

उत्तर : नवजात बाळ दिवसाचे १४ ते १७ तास झोपते, फक्त ते तास कुठे पडतील हे त्याला अजून ठाऊक नसते. सकाळी ठरलेल्या वेळी पडदे उघडून त्याला उजेडात आणावे, दिवसा घरातले नेहमीचे आवाज चालू द्यावेत, दुपारची झोप अडीच-तीन तासांपुढे गेली तर पाजण्यासाठी उठवावे. रात्री मात्र मंद दिवा, गप्पा नाहीत, टीव्ही आणि फोनचा पडदा समोर नाही, लंगोट गरजेपुरताच बदलावा. आईच्या रात्रीच्या दुधात मेलॅटोनिन हे झोपेला मदत करणारे संप्रेरक असते, त्याचाही हातभार लागतो. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसू लागतो. रात्री एक-दोनदा पिण्यासाठी उठणे मात्र पुढे कित्येक महिने चालेल, आणि त्यात काही चूक नाही.

प्रश्न : मी नाशिकरोडला राहते आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत नोकरी करते. पहिलेच बाळ आहे, अडीच महिन्यांचे. कंपनीने बारा आठवड्यांचीच रजा मिळेल असे सांगितले आहे. आता कुठे त्याची दूध-झोपेची घडी बसू लागली आहे. ती मोडू न देता कामावर कसे जावे?

उत्तर : आधी रजेचे. मातृत्व लाभाच्या १९६१ च्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा देणे बंधनकारक झाले. पुढे आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच तरतूद आहे. बारा आठवड्यांची मर्यादा दोन अपत्ये असलेल्या स्त्रीला पुढच्या बाळंतपणासाठी लागू होते. प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत तुम्ही किमान ८० दिवस काम केले असेल, तर हा हक्क तुमचा आहे. तो लेखी मागावा आणि उत्तरही लेखी घ्यावे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय असावी लागते आणि बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुटी मिळते. दूध काढण्यासाठी त्याच वेळेचा उपयोग करू देण्याची विनंती करता येईल.

कामावर जायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर थोडे दूध काढून साठवायला लागा, कारण त्या वेळी ते जास्त असते. काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास, फ्रिजच्या आतल्या कप्प्यात चार दिवस आणि फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत चांगले राहते. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये मात्र खोलीतल्या चार तासांवर विसंबू नये. काढले की लगेच थंड करावे, आणि सिन्नरहून परतताना बर्फाच्या पाकिटांसह जाड पिशवीत आणावे. डब्यावर तारीख आणि वेळ लिहावी, एका डब्यात ६० ते ९० मिलिलिटरच भरावे, म्हणजे उरलेले फेकावे लागत नाही. दूध गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये. डबा कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवावा. एकदा वितळलेले दूध पुन्हा गोठवू नये.

घडी टिकवायची तर पाजण्याची वेळ तुमच्या येण्या-जाण्याला जोडा : निघण्यापूर्वी एकदा, घरी पाऊल टाकताच एकदा, आणि रात्री मागेल तेव्हा. संध्याकाळी तुम्ही पोहोचण्याच्या सुमारे दोन तास आधीपासून घरच्यांनी बाळाला पोटभर दूध देऊ नये. भूक अनावरच झाली तर दोन-चार चमचे पुरेत. दिवसा दूध देणाऱ्या आजी किंवा मावशींनी बोंडले वापरावे, आणि सुरुवातीचे काही दिवस तुम्ही दुसऱ्या खोलीत असावे, कारण आईचा वास येत असताना बरीच बाळे बोंडले झिडकारतात. त्याची सकाळची आंघोळ ज्या वेळी होते ती वेळ मात्र बदलू नका, मग ती तुमच्या जाण्यानंतर दुसऱ्या कोणाच्या हातची असली तरी चालेल.